मॅडम बोलल्या ते मी सांगितलं नाही

हे मी घरात कुणालाच बोललेली नाही. माझी सून म्हणते, आत्याबाईंच्या तोंडात तीळ भिजत नाही. खरंच आहे ते. कॉलेजातलं सगळं मी घरी येऊन सांगायची, कुठल्या सरांची गाडी चिखलात फसली, कुणाच्या डब्यात रोज उसळच असते, सगळं. पण या एका गोष्टीपाशी आले की मी दुसरंच काहीतरी काढते. आज तसं करायचं नाही असं ठरवून बसलेय. आणि बघा, सुरुवात सुनेपासूनच केली!

मी आमच्या तालुक्याच्या सरकारी डिग्री कॉलेजात अटेंडर होते. मुलींची लेडीज रूम माझ्याकडे. झाडायची, पाण्याचा माठ भरायचा, कुणाला बरं नसलं की बाकावर निजवायचं. माझी शाळा चौथीत सुटली, तीही मराठी. कन्नड मी बसव गल्लीतल्या शेजारणींकडून उचललं आणि वाचायला शिकले ते बसच्या पाट्यांवरून. पण आमच्या सीमेवरच्या भागाचं असं आहे की एवढं येणारं माणूसही लागतं. कॉलेज चालतं कन्नडात. पोरी येतात मेहकर, संतपूर अशा गावांतून, घरी मराठी बोलणाऱ्या, कितीजणी दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेल्या. बोर्डावरची नोटीस त्यांना वाचता येत नाही. बस पास कुठं मिळतो, स्कॉलरशिपचं कुणाला विचारायचं, सर वर्गात नेमकं काय म्हणाले — सगळं अक्काला विचारा. अक्का म्हणजे मी.

यासाठी म्हणून कॉलेजात खोल्या होत्या हो. तपासणीची कमिटी यायची असली की दारावर पाट्या चढायच्या. विद्यार्थी साहाय्य केंद्र, तक्रार निवारण, समुपदेशन. रंगाचा वास जायच्या आत कमिटी जायची आणि खोलीला कुलूप. आत काय? मोडकी बाकं आणि गॅदरिंगचा पडदा. मला फार चीड यायची. सर लोकांच्या तोंडावर बोलायचे मी, पाटीला पोरगी काय सांगणार, तिथं माणूस बसवा की! ते हसायचे. "तुम्ही हाय की अक्का, तुमच्याएवढं कोण बघणार?" म्हणायचे.

आणि मला ते आवडायचं. इथंच सांगून टाकते — चीडही यायची आणि आवडायचंही.

मग एकदा खरंच माणूस आलं. मैसूरकडच्या एक मॅडम, तरुण, पोरींच्या अडचणी ऐकायलाच नेमलेल्या. कुलूप निघालं, बाकं निघाली, दोन खुर्च्या आल्या, खिडकीला पडदा आला. मी इतकी वर्षं मागत होते तेच झालं ना? मग मला आनंद का झाला नाही? मॅडमना मराठीचा शब्द येत नव्हता. म्हणून पोरगी बोलायला बसली की मला बोलवणं. पोरीचं मराठी मी कन्नडात सांगायचं, मॅडमचं कन्नड मी मराठीत. कुणाचे आईबाप आले तरी मीच मधे. तोवर ठीक होतं.

आता सुवर्णा. मेहकरची. पहिल्या आठवड्यात लेडीज रूममध्ये कोपऱ्यात तोंड घालून रडत बसली होती, वर्गात काहीच कळत नाही म्हणून. मी तिला कन्नड अक्षरं शिकवली. दुपारी डबा खाऊन झाला की पुढ्यात जुनी पाटी घेऊन बसायचो आम्ही. पोरगी तल्लख. वर्षभरात बोलायला लागली, मोडकं पण न लाजता. मी सगळ्यांना सांगत फिरायची, ही माझी पोरगी.

एक दिवस मी चहा घेऊन मॅडमच्या खोलीत गेले, तर सुवर्णा खुर्चीत बसलेली, डोळे सुजलेले. मला बघून दोघी एकदम गप्प झाल्या. मला बोलवलं नव्हतं. लागतच नव्हते मी. मी शिकवलेलं कन्नड घेऊन ती मला ओलांडून गेली होती. माझ्याकडे यायचं सोडून परक्या बाईकडे गेली —

थांबा. हे खोटं झालं. ती माझ्याकडे आली होती. आधी माझ्याकडेच आली होती. घरी सोयरीक बघायलेत, अप्पांना सांगायला भ्या वाटतंय, मला डिग्री पुरी करायचीय, असं चाचरत बोलली. आणि मी काय केलं? हसले. "अगं येडे, चांगलं स्थळ आलंय तर नाचायचं सोडून रडायलीस कामून?" एवढं बोलून माठ घासायला गेले. मग ती मॅडमकडे गेली. अशी गोष्ट आहे ही. मी स्वतःलासुद्धा कितीतरी वर्षं पहिलीच सांगत आले.

मॅडमनी तिच्या वडिलांना निरोप धाडला. माणिकराव बाजाराच्या दिवशी आले, धुतलेला सदरा, टोपी हातात. त्यांना कन्नड येतं, पण ते अडतीवरचं — भाव, वजन, एवढंच. मॅडमचं भरभर कन्नड त्यांच्या डोक्यावरून जायचं. मला बोलावलं. सुवर्णा दाराला टेकून उभी. बापासमोर ती तोंड उघडणार नव्हती, आमच्याकडे पोरी उघडत नाहीत. म्हणून तर तिनं मॅडमचं तोंड मागून घेतलं होतं.

मॅडम फार चांगलं बोलल्या. तुमची मुलगी माझ्यापुढं रडली, म्हणाल्या. तिला आत्ता लग्न नको आहे. तुमच्यावर तिचा जीव आहे म्हणून ती तुम्हाला बोलू शकत नाही. डिग्री होईपर्यंत थांबा, हॉस्टेलचं मी बघते, ती माझी जबाबदारी. आणि माझ्याकडे बघून थांबल्या — सांगा.

मी सांगितलं. "दादा, मॅडम म्हणायल्यात, पोरगी हुशार हाय, गुणाची हाय. पुढचं काय ते तुम्ही घरचे मोठे ठरवा."

बास. एवढंच. माणिकरावांचं तोंड उजळलं. त्यांनी हात जोडले. "लई उपकार झाले मॅडमचे. आमीबी तेच म्हणायलाव, चांगल्या घरात पडली म्हंजे झालं."

मॅडमनी मला विचारलं, काय म्हणतात? मी तसंच भरभर कन्नडात म्हटलं, ऐकत नाहीत. शब्द दिलाय म्हणतात.

दोन्हीकडं खोटं बोलले. आवाज हललासुद्धा नाही माझा. आणि खोलीत माझ्याशिवाय एकच माणूस होतं ज्याला दोन्ही भाषा कळत होत्या. माझ्याकडूनच शिकलेली. सुवर्णा माझ्याकडे बघत होती. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. ती वाट बघत होती, अक्का आता उरलेलं सांगेल म्हणून. मी कप गोळा केले आणि बाहेर आले.

कामून केलं मी असं? मला वाटलं होतं, मॅडमला कळू दे, माझ्यावाचून इथलं पान हलत नाही. त्या पोरीला कळू दे. मनात हेच होतं, दुसरं काही नव्हतं. बाप ऐकणार नाही असं मी समजून चालले होते म्हणावं, तर तेही नाही. त्या वेळी मी त्या बापाचा विचारच केला नव्हता.

ती कॉलेजला परत आली नाही. मॅडम पुढं कधीतरी स्टाफरूममध्ये म्हणाल्या, या भागातले बाप दगडाचे आहेत. मी तिथंच फरशी पुसत होते. पुसतच राहिले. पुढं त्यांची बदली झाली, खोलीला परत कुलूप लागलं, आणि सगळे परत म्हणायला लागले, अक्का हाय की. सुवर्णा उदगीरकडं नांदते. घर वाईट नाही, असं लोक सांगतात. तिला पाहिजे होतं ते घर नव्हतं, हे मला माहीत आहे.

मी रिटायर व्हायच्या आधी माणिकराव परत आले. धाकट्या लेकीला घेऊन, ॲडमिशनला. पोरगी खिडकीशी रांगेत, आणि हे माझ्यापाशी बाकावर. थोडे वाकले होते. म्हणाले, "थोरलीला मी घाई केलो, अक्का. आता वाटतंय. पर तिनं एक शब्द बोलली न्हाई बघा. तुमच्या मॅडमनंबी काई म्हणले न्हाईत. कुणी एकानं जरी सांगितलं असतं तर थांबलो असतो की मी. कामून थांबलो नसतो?"

थांबले असते. दगडाचा बाप थांबला असता.

माझ्या जिभेवर आलं होतं. बाकावर आम्ही दोघंच. मी म्हटलं, "व्हय दादा. पोरी बोलत न्हाईत." दुसऱ्यांदा. पहिल्यांदा निदान डोक्यात राग होता. या वेळी तर समोरचा माणूस विचारत होता.

"हिला तुमच्या पदरात टाकायलोय," ते म्हणाले. मी म्हटलं, काळजी करू नका.

धाकटी दुसऱ्या दिवशी लेडीज रूममध्ये आली. धीट पोरगी. डबा उघडता उघडता म्हणाली, "ताईनं सांगितलीय, अक्काकडं कन्नड शीक, लई छान शिकवतेत. पर कुणाला काई सांगायचं असलं तर आपल्या तोंडानं सांग म्हणाली." तिला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. चटणी लावलेली भाकरी तिनं माझ्यापुढं केली. मी घेतली.

माणिकराव अजून बाजाराला येतात, रस्त्यात भेटतात, थांबून विचारपूस करतात. अजूनही कधी विषय निघाला की म्हणतात, थोरली बोलली नाही. ती बोलली होती. जितकं तिला बोलता येत होतं तितकं सगळं बोलली होती. तिचं बोलणं माझ्यापर्यंत आलं, आणि माझ्यापाशीच राहिलं.