पाठीला पाठ

नागपूरच्या मिहानमधल्या आमच्या ऑफिसला एकदा शास्त्रीय शहाणपणाचा झटका आला. माणसं एकत्र काम कसं करतात हे मोजायला प्रत्येकाच्या गळ्यात सेन्सरची डबी अडकवली. कोण कोणासमोर उभं राहिलं, किती वेळ बोललं, हे ती टिपणार. काय बोललं ते मात्र नाही. म्हणजे मुद्द्याचं तेवढं सोडून सगळं. सल्लागार हे सगळं इतक्या गोड आवाजात समजावत होता, की याने जन्मात कोणाबरोबर काम केलं नसावं अशी माझी खात्रीच पटली.

माझी आणि ताईची जोडी जुनी. ताई म्हणजे माझी सहकारी, वयाने थोडी मोठी. मी कोड लिहायचा, तिने तपासायचा. बसायचो पाठीला पाठ लावून. मान न वळवता ती म्हणायची, "वरची ओळ पाय गा," आणि मला कळायचं. शिव्याही पाठमोऱ्याच यायच्या.

काही आठवड्यांनी सल्लागाराने पडद्यावर रंगीत ठिपक्यांचा नकाशा दाखवला. सगळ्यात जास्त रेघा एका महाभागाच्या ठिपक्याला. हा दिवसभर टेबलाटेबलाशी उभा राहून सावजी मटण कुठलं चांगलं ते सांगायचा. त्याला टीमचा दुवा म्हणाले, टाळ्याही पडल्या. ताईचा ठिपका कोपऱ्यात एकटा. डबीला समोरचीच डबी दिसते. पाठीमागच्या माणसाशी कोणी बोलत असेल, हे त्या दीडशहाण्यांना सुचलंच नव्हतं. मी उठून तसं सांगितलं. साहेब म्हणाले, डेटा खोटं बोलत नाही. एकट्या पडलेल्या ताईला पुण्याच्या टीममध्ये पाठवायचं घाटू लागलं.

ताईने नुकतंच वर्धा रोडला घर घेऊन म्हाताऱ्या आईला आणलं होतं. तिला जायचं नव्हतं. नकाशात रेघ दाखवायला साहेबांनी उपकार केल्यासारखी पंधरा दिवसांची मुदत दिली. आम्ही खुर्च्या वळवल्या आणि मुलगी बघायच्या कार्यक्रमाला बसल्यासारखे समोरासमोर बसलो. कळमन्यातल्या संत्र्यांचे भाव, बर्डीवरचं पार्किंग, ऊन, काय वाट्टेल ते बोललो. काम बोंबललं. क्लायंटने कोड चुकांसकट परत पाठवला. नकाशात मात्र आमच्यामध्ये जाडजूड रेघ उमटली. सल्लागार इतका खूश झाला की त्याची कीवही येईना. बदली रद्द झाली, आणि यापुढे सगळ्यांनी समोरासमोरच बसायचं असा हुकूम निघाला.

दुसऱ्या दिवशी ताईने स्वतःच पुणे मागून घेतलं. तिकडे डब्या अजून पोचल्या नव्हत्या. मी चिडलो. एवढा तमाशा केला तो कशासाठी, असं तिला विचारलं.

"नागपूर सोडायचं नव्हतंच गा मले. आईले आता या वयात तिकडं नेऊन राहिली," ती म्हणाली. "पण पंधरा दिवसांत तुह्या कोडमधली एकबी चूक मी पकडली नाही."