आपल्या टॉकीजचा आवाज

आवाज लावून देणारे काका पहिल्यांदा घरी आले तेव्हा त्यांनी दारातच दोन्ही हात वर उचलले. मला वाटलं नमस्कार करताहेत, म्हणून मीही हात जोडले. ते चालत हॉलच्या मधोमध गेले, एक खणखणीत टाळी वाजवली आणि डोळे मिटून उभे राहिले. मी हात जोडून तसाच.

"खोलीला इचारलं," ते म्हणाले. "खोली लई बोलती तुमची, सर. आधी तिला गप करावं लागंल."

"खोलीच बोलते इथे," आतून आमच्या सौभाग्यवतींचा आवाज आला. "बाकीच्यांना संधी कुठे मिळते?"

ते हसले नाहीत. भिंतीजवळ जाऊन त्यांनी आणखी एक टाळी वाजवली, मग खिडकीपाशी एक. जाड पडदे लावा, फरशीवर सतरंजी टाका, ती काचेची शोकेस हलवा, असं सांगून चहा न घेता निघून गेले. असा माणूस तुमच्याही घरी कधी येऊन गेला असेल. आपण त्याला कामाला बोलावतो आणि तोच आपल्याला कामाला लावून जातो.

तेव्हा आम्ही औरंगपुऱ्यातली भाड्याची जागा सोडून बीड बायपासला फ्लॅटमध्ये नुकतेच राहायला आलो होतो. शहर त्या बाजूला नुसतं सुटलं होतं. काल ज्वारीची धाटं उभी होती तिथे आज सात मजले दिसत. मजले चढत होते, पाणी मात्र चढत नव्हतं. ती सलग दुष्काळाची वर्षं होती. पाचोडकडच्या मोसंबीच्या बागा वाळून चालल्या होत्या, आणि इथे नळाला सातव्या दिवशी पाणी यायचं. अशा दिवसांत मला घरात थिएटर हवं होतं. कारण सांगायला लाज वाटते, पण सांगतो. माझ्या मेहुण्यांनी पुण्यात केलं होतं.

हे टाळ्या वाजवणारे गृहस्थ जुन्या शहरातल्या एका टॉकीजमध्ये पंचवीस-तीस वर्षं ऑपरेटर होते. टॉकीज बंद पडलं, पाडलं गेलं, तिथे दुकानांची इमारत उभी राहिली. तेव्हापासून ते लोकांच्या घरी आवाज बसवून देत. सगळे त्यांना ऑपरेटर म्हणत. मी काका म्हणायला लागलो.

स्पीकरला ते डबा म्हणायचे. माझ्याकडे पाच डबे आणि जमिनीवर ठेवायचा एक मोठा धमधम्या, म्हणजे वूफर, होता. मोजमापासाठी त्यांच्याकडे गाठी मारलेली सुतळी होती. सोफ्यावर मला बसवायचे, सुतळीचं एक टोक माझ्या कानाला लावायचे आणि दुसरं डब्यापर्यंत ताणायचे. मग पुटपुटत मशीनवरचे आकडे बदलायचे. माझ्या बायकोला ते दृश्य फार आवडायचं. नवऱ्याचा कान कुणीतरी धरलेला तिने प्रथमच पाहिला होता.

"मागचे डबे लई हळू वाजतात, काका," मी तक्रार केली. विकत घेतलेली वस्तू ऐकू तरी यायला हवी, असं माझं मत होतं.

"मागून पाऊस आला तर पाऊस येऊ राहिला असं वाटलं पाहिजे, सर. मागं डबा हाये असं नाय वाटलं पाहिजे. मान वळाली की बिघडलं."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. त्याला जोडून आणखी एक असायचं, ऑपरेटर ऐकू आला की बिघडलं. टॉकीजमध्ये त्यांची केबिन वर होती. रीळ फिरताना मशीन टकटक करते, ती खालच्या लोकांना ऐकू जाऊ नये म्हणून त्यांनी केबिनच्या खिडकीभोवती स्वतःच्या हाताने जाड लोकरीचा नमदा ठोकला होता. "इतकी वर्षं पिक्चर दाखवला," ते अभिमानाने सांगत, "येकाला बी कळलं नाय का वर माणूस बसला हाये."

जोडणी करायचा दिवस ठरवताना त्यांनी विचारलं, "पाणी कितव्या दिवशी येतं तुमच्याकडं?"

"सातव्या. का?"

"मग मी चौथ्या दिवशी येतो."

मला हा प्रकार कळेना. आमच्या हॉलच्या कोपऱ्यात दोनशे लिटरचे दोन निळे ड्रम असत. बाल्कनीत ठेवले तर उन्हाने पाणी तापायचं. काकांचं म्हणणं, भरलेला ड्रम मुका असतो, रिकामा ड्रम घुमतो. मधल्या दिवशी आवाज लावला की दोन्हीकडं निभतं. मला घाई होती, कारण आठवड्याने मेहुणे यायचे होते. मी हट्टाने त्यांना नळाच्या दिवशीच बोलावलं. ते आले, काठोकाठ भरलेल्या ड्रमांकडे पाहून मान हलवली आणि सांगितलं तसं लावून गेले.

मेहुणे आले तो दिवस सहावा, ड्रम रिकामे. मी पडदे ओढले, पिक्चर लावला. एक हेलिकॉप्टर डोक्यावरून गेलं आणि कोपऱ्यातले दोन्ही ड्रम घुंऽऽ करून घुमले. नळाला पाणी यायच्या आधी पाइपातून हवा अशीच गुरगुरते. माझ्या सासूबाई आतून ओरडल्या, "अगं, नळ आला!" दोन मिनिटांत बायको, सासूबाई आणि शेजारच्या काकू हंडे घेऊन मोरीत उभ्या. मेहुणे पुण्याचे. ते फक्त हसले. ते जास्त लागलं.

काका पुढच्या चौथ्या दिवशी आले, मुकाट्याने सगळं पुन्हा लावलं. "म्हणलं होतं ना" एवढंही म्हणाले नाहीत. जाताना सुतळी मात्र सोफ्यावर विसरले. ती द्यायला मी त्यांच्या घरी गेलो आणि मला काकू, त्यांच्या पत्नी, भेटल्या.

जुन्या वस्तीतल्या एका गल्लीत, वरच्या मजल्यावर दोन खोल्या. बाहेरच्या खोलीच्या दारातूनच गच्चीचा जिना वर जायचा. आतल्या खोलीत पाय ठेवला आणि मी थबकलो. चारी भिंतींवर डबे होते. समोर टॉकीजच्या पडद्याचा एक तुकडा ताणून बसवला होता, बारीक बारीक भोकांचा, कारण आवाज पडद्यामागून येतो. टॉकीज पाडताना त्यांनी जे हाती लागलं ते उचलून आणलं होतं, दोन भोंगे, एक खुर्चीसुद्धा. आणि मधोमध कॉटवर काकू बसलेल्या. साखरेने त्यांचे डोळे गेले होते. आता किडन्याही थकल्या होत्या, आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागे.

काकू सिल्लोडच्या. त्याच टॉकीजमध्ये लेडीज बुकिंगच्या खिडकीवर तिकिटं द्यायच्या. दोघांचं जमलं तेही तिथेच.

"काय लावू?" काकांनी विचारलं आणि एक जुना पिक्चर लावला. मी आजवर तसा आवाज घरात ऐकलेला नाही. मला वाटलं छत उंच झालं, मागे हजार माणसं बसली आहेत. गाणं संपलं तेव्हा माझ्या अंगावर काटा होता.

काकूंनी डोकं हलवलं. "चांगलंय. पण आपल्या टॉकीजचं नाय हे."

काकांचा चेहरा पडला. नंतर जिन्यात मला म्हणाले, "चार वर्षं झाले, सर. डोळे गेले तवापासून तिचं येकच. टॉकीजचा आवाज ऐकू द्या. डबे बदलले, भिंतीला गाद्या लावल्या. ती म्हणती, हे तसं नाय. डाक्टरनी सांगितलंय, आता फार दिस नायत. येकदा तिनं व्हय म्हणावं. येवढंच."

साऱ्या शहराला आवाज लावून देणारा माणूस बायकोच्या एका होकारासाठी तळमळत होता. मला फार वाईट वाटलं. त्यानंतर मी अधूनमधून दुपारचा जाऊ लागलो. मी गेलो की काकूंना माझे आणि काकांचे नवे प्रयोग ऐकावे लागत. त्या शांतपणे ऐकत आणि नाय म्हणत.

एका दुपारी काका सुतळी घेऊन त्यांच्या कानापासून भिंत मोजत होते. मी सहज विचारलं, "काकू, तुम्ही टॉकीजमध्ये कुठल्या रांगेत बसायचात?"

"मी?" काकू हसल्या. "मी कुठं आत बसले?"

काकांच्या हातातली सुतळी सैल पडली.

"शो सुरू झाला का खिडकी बंद करायची न् भायेर बाकड्यावर बसायचं. हॉलचं दार बंद. पिक्चर सगळा दारातून ऐकायचा. मी पिक्चर बघितलेच नायत, सर. ऐकले."

"अगं, पण मी मालकाला इचारून ठिवलं होतं," काका म्हणाले. "लेडीजमध्ये येक खुर्ची रोज रिकामी ठिवायचे तुझ्यासाठी. मला वाटायचं तू तिथं बसती."

"बसले होते येकदा. नाय आवडलं."

"काहून?"

"आत तुमची मशीन ऐकू येत नव्हती ना." काकू अगदी साधेपणाने म्हणाल्या. "बाकड्यावर बसलं का केबिनच्या जिन्यातून टकटक यायची. ती थांबली का कळायचं, पिक्चर संपला, आता तुम्ही खाली येणार. मग मी चपला घालायचे."

काका भिंतीवरच्या डब्यांकडे एकेक करून पाहत होते. ज्या आवाजाला त्यांनी जन्मभर नमदा ठोकला, तोच तिला हवा होता. मी काहीतरी बोलायचं म्हणून पाणी मागितलं. काकांनी माठातून दिलं.

ते मशीन कधीच भंगारात गेलं होतं. त्यांनी दोन दिवस विचार केला. काकूंचं जुनं शिलाई मशीन कोपऱ्यात कापडाखाली पडलं होतं, पायाने चालवायचं. काकांनी ते ओढत जिन्याच्या वळणावर नेलं, तेल काढून टाकलं, सुई काढली, आतल्या कुठल्याशा पट्टीखाली पत्र्याचा तुकडा सरकवला. पाय मारून पाहिला, पुन्हा पत्रा सरकवला. एवढं लक्ष देऊन त्यांनी माझे पाच डबेही लावले नव्हते. तिसऱ्या दिवशी मला निरोप आला.

मी गेलो तर कॉट बाहेरच्या खोलीत आणलेली. आतल्या खोलीत पिक्चर लावलेला, दार बंद, दारावर आतून दोन गोधड्या टांगलेल्या. चार वर्षं घासूनपुसून लावलेला तो सुंदर आवाज गोधड्यांमागे कोंडला होता. गाण्याचे शब्द अर्धेमुर्धेच कळत होते. आणि वरून, जिन्यातून, टकटक टकटक.

काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी मान वळवली नाही. थोड्या वेळाने चेहरा नुसता उजळला, आणि ओठ हलले.

"व्हय," त्या म्हणाल्या. "हेच."

मी धावत जिना चढलो. काका घामाघूम होऊन पाय मारत होते. "काका, म्हणाल्या! काकू व्हय म्हणाल्या!"

"म्हणाली?" त्यांचा पाय थांबला नाही. डोळे वाहत होते, ते पुसायलाही हात उचलला नाही. "तुम्ही बसा तिच्यापाशी, सर. पिक्चर संपू द्या."

मी खाली येऊन बसलो. पाऊण तासाने पिक्चर संपला आणि टकटक थांबली. त्याबरोबर काकूंनी कॉटवरून पाय खाली सोडले आणि पायाने चपला चाचपल्या. काका जिना उतरून आले तेव्हा त्या चपला घालून बसल्या होत्या. "चला," त्या म्हणाल्या. जायचं तर कुठेच नव्हतं.

तीन-साडेतीन महिने रोज दुपारी हा शो झाला. डायलिसिसच्या दिवशीही. मग काकू गेल्या.

पुढे काका भावाकडे पाचोडला गेले आणि दोन वर्षांनी तिथेच वारले, असं मला कुणाकडून तरी कळलं. माझ्या घरी त्यांनी लावलेला आवाज अजून आहे. आम्ही नळाच्या चौथ्या दिवशीच पिक्चर लावतो. मेहुणे येतात, छान म्हणतात, मला आता त्याचं काही वाटत नाही. पण काका म्हटलं की मला आठवतो तो काकूंच्या तेराव्यानंतरचा दिवस.

मी दुपारी गेलो होतो. पाहुणे परतले होते, दार उघडंच होतं. आतल्या खोलीत पिक्चर लावलेला नव्हता. गोधड्या घडी करून ठेवलेल्या. आणि वरून जिन्यातून टकटक येत होती.

काका वळणावर मशीनशी बसले होते. समोरच्या भिंतीकडे बघत सावकाश, एका लयीत पाय मारत होते. मी दोन पायऱ्या खाली उभा राहिलो. किती वेळ चालवत होते कोण जाणे, शर्ट पाठीला चिकटला होता.

"काका, थांबवा आता," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"थांबवली का खाली जावं लागंल, सर."

खाली कॉटजवळ काकूंच्या चपला तशाच होत्या. मी तिथेच पायरीवर बसून राहिलो.