वाकडा उंट

विब्रन टोलस्मा हार्लिंगन या डच बंदरगावाच्या गल्ल्यांत विटा बसवायचा. उमेदीची सारी वर्षं गुडघ्यांवर गेलेला माणूस. जेवताना एखादी वाकडी बसलेली वीट आठवली, तर ताट सोडून उठायचा. बुद्धिबळातही तेच. पटाचा मधला भाग तो समोरच्याला देऊन टाकी आणि कडेने सुरुवात करी: घोड्यासमोरचं प्यादं एक घर पुढे, त्याच्या मागे उंट. मग आपली खेळी आली की आधी तो उंट घराच्या मधोमध सरळ करायचा. त्याआधी नियमाप्रमाणे म्हणायचा, "नीट करतोय." न बोलता हात लावला, तर ते मोहरं खेळावंच लागतं.

क्लबचं अजिंक्यपद त्याला कधी मिळालं नव्हतं. त्या वसंतात शेवटच्या डावात नुसती बरोबरी पुरणार होती. समोर हेसल, मासळीबाजारातला कारकून, विब्रनच्या लग्नातला साक्षीदार. तो जिंकला, तर पद पुन्हा त्याचंच.

"पुरे रे!" हेसल वैतागला. "नीट करतोय, नीट करतोय! पट आहे हा, तुझा रस्ता नाही. ठाऊक आहे सगळ्यांना. गपचूप कर की."

शेजारच्या पटावरचे दोघे हसले. पंचबाई तेव्हा कॉफी आणायला गेल्या होत्या. विब्रन ओशाळला आणि पुढे न बोलताच उंट सरळ करू लागला. हेसलने ते पाहिलं. बोलला नाही.

डाव बरोबरीकडे झुकला होता. हेसलने एक प्यादं विब्रनच्या प्याद्याला भिडवलं. विब्रनचं बोट सवयीने उंटाकडे गेलं.

"हात लावलास."

"अरे, नीट करत होतो!"

"म्हणालास का तसं?"

पंचबाई आल्या. "विब्रन, बोलला होतास?"

"नाही. यानेच सांगितलं, गपचूप कर म्हणून."

"आवाज कमी कर म्हणालो मी," हेसल पटाकडे बघत म्हणाला.

मघाशी हसलेले दोघे आपल्या डावात डोकं घालून बसले.

उंटाला जायला दोनच घरं होती आणि ते भिडलेलं प्यादं दोन्हींवर टपलेलं. उंट गेला. पाठोपाठ डाव गेला.

"नियम आहे बाबा," हेसलने हात पुढे केला. विब्रनने तो हातात घेतला. न घेणं त्या गावात चालत नाही.

विब्रन अजून दर मंगळवारी येतो, तसाच कडेने खेळतो. उंट रेषेवर वाकडा उभा असतो. त्याच्याकडे बघत तो हात मांडीखाली दाबून धरतो.

"कर की नीट," हेसल म्हणतो. "मी काही म्हणणार नाही."