सिनेमातली ती आई

सीमेवर तणाव सुरू झाला आणि आमच्या वारज्याच्या सोसायटीतल्या बायकांनी ऐतिहासिक सिनेमाला जायचा बेत ठरवला. नऊवारी, नथ, सगळं साग्रसंगीत. सिनेमातली लढाई तीनशे वर्षांपूर्वीची, पण शत्रूच्या तोंडची वाक्यं थेट टीव्हीवरच्या बातम्यांमधली. हा सिनेमा आत्ताच का काढलाय हे कळायला शाळेत इतिहास शिकवलेला असायची गरज नव्हती. मी तर जन्मभर तोच शिकवला.

माझी मुलगी सैन्यात नर्स आहे. त्याच आठवड्यात रजेवर आली होती. जेवता जेवता फोन आला, रजा रद्द. तिने बॅग भरली आणि रिक्षात बसून गेली. ओवाळायचंही राहून गेलं.

थिएटरच्या लॉबीत नायकाचं माणसाएवढं पुठ्ठ्याचं चित्र उभं होतं. सोसायटीच्या अध्यक्षबाईंनी तबक माझ्या हातात दिलं. "तुम्हीच ओवाळा, तुम्ही फौजीची आई!" काडेपेटी दारावरच काढून घेतलेली. तेव्हा न पेटलेल्या निरांजनाने मी एका नटाच्या पुठ्ठ्याला ओवाळलं. बायकांनी फोटो काढले.

मध्यंतराच्या आधी त्या नायकाची आई आली. मुलाला टिळा लावला, हातात तलवार दिली, डोळ्यांत टिपूस नाही. शिट्ट्यांनी थिएटर दणाणलं. माझा मात्र नुसता जळफळाट झाला. हिला टिळा लावायला मिळाला. मुलगा वळून बघेपर्यंत घोडासुद्धा थांबला. आमचा रिक्षावाला मीटर टाकून हॉर्न वाजवत होता. इतका मत्सर मी कधी माझ्या जावेचाही केला नव्हता.

पुढच्या रविवारी मुलीचा फोन आला. त्यांनाही तिकडे तोच सिनेमा दाखवला होता.

"आई, काय बाई आहे गं ती! अजिबात रडली नाही."

या सुरात ती माझ्याबद्दल आजवर एकदाही बोललेली नाही. माझा तोल सुटला.

"तिला काय झालंय रडायला? तिचा पोरगा खोट्या मिशा काढून संध्याकाळी घरी जेवायला गेला. मला माझी मुलगी घरी हवी आहे. तुमचं ते राज्य बिज्य मला काही नको." आणि मी हुंदके द्यायला लागले.

मग मुलगी हळूच म्हणाली, "आई, फोन स्पीकरवर आहे गं."

तिच्या खोलीतल्या बाकीच्या नर्सही ऐकत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सावरून काहीतरी शूर बोलावं म्हणून मी शब्द शोधत होते, तेवढ्यात दुसऱ्याच एका मुलीचा आवाज आला. साताऱ्याकडची असावी.

"काकू, फोन ठिवू नका. माझी आई त्यो पिच्चर बघून आल्यापासनं माझ्याशी बोलताना रडतच न्हाय."