भूगोलाचे सर आणि मोठेबाबांची सावली

आमच्या भूगोलाच्या सरांइतका लोकांना हादरे देणारा माणूस दुसरबीडपासून मेहकरपर्यंत दुसरा झाला नसेल, आणि झालाच असला तर लोकांनी त्याला वेळीच गावाबाहेर काढलं असेल. महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. आमच्या हायस्कुलात नवे सर आले, धोतर, काळी टोपी, हातात खडूऐवजी छोटी हातोडी. पहिल्याच तासाला त्यांनी कोटाच्या खिशातून मातीचं ढेकूळ काढलं आणि आमच्यादेखत त्याचा तुकडा तोंडात टाकला. अगं बाई! आम्ही तिघी मुलींनी तोंडाला पदर लावले. सर डोळे मिटून चघळत राहिले आणि म्हणाले, "खारट आहे. लोणारच्या बाजूची." मग उरलेलं ढेकूळ प्रसादासारखं पहिल्या बाकावर फिरवलं. एका पोराने भीतभीत खाल्लं आणि भूगोलात तो शेवटपर्यंत सरांचा लाडका राहिला.

"सूर्य उगवला" असं त्यांच्यासमोर म्हणायची सोय नव्हती. "उगवला? कुठून, जमिनीतून? तो काय मूग आहे? अरे, आपण वळतो, आपण!" असं म्हणून ते टेबलाभोवती गरगरा फिरायचे आणि टोपी पडली की थांबायचे. एका मुलाने हेच घरी सांगितलं, तर बापाने त्याच्या कानाखाली जाळ काढला. दुसऱ्या दिवशी सर त्या बापापुढे गाल करून उभे! "ती चपराक माझी होती, मला द्या," म्हणाले. बिचारा बाप इतका घाबरला की त्याने सरांना चहा पाजला. वेशीवरच्या म्हसोबाला तर त्यांनी शेंदूर जिथे पोचला नव्हता तिथे दगड कुठला ते कळावं म्हणून हातोडी मारून पाहिली. मारण्याआधी नारळ फोडला होता, नाही असं नाही. पण गावाचं धाबं दणाणलं ते दणाणलंच.

आमच्या घरच्या एका लग्नात त्यांना मानाने पंगतीला बसवलं. सगळे "पुंडलिक वरदा" म्हणून जेवायला लागले आणि सर पत्रावळीवर भाताच्या मुदीभोवती भजी, लाडू, लिंबाची फोड मांडत बसले. वाढप्याला हाक मारून म्हणाले, "एक जिलबी वाढ रे, शनीला कडं नाही." मग बुधापासून सुरुवात करून एकेक ग्रह खाल्ला. व्याही माझ्या मोठेबाबांच्या कानाशी लागले, "हे कोण हो? येडे म्हणून घरात ठेवून घेतलेले हायत का?"

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. वांगी-मिरचीचा मळा त्यांचा, घरातला शब्द त्यांचा. मी दहावी झाले तेव्हा "पोरीले लई झालं शिकणं" असं त्यांनी जाहीर करून टाकलं होतं. सर रोज संध्याकाळी मळ्यात जाऊन त्यांच्याबरोबर वांगी तोडू लागले. तोडता तोडता तोंड चालू. शेवटी मोठेबाबा कंटाळून म्हणाले, "हाव, करू द्या तिले मॅट्रिक. पण तुम्ही वांग्याइले हात नोका लावू, कच्ची तोडून राह्यले." तेव्हा मॅट्रिक अकरावीला असायची. अशी माझी अकरावी पदरात पडली. मला तर आभाळ ठेंगणं झालं होतं.

आणि त्याच वर्षी मे महिन्यात सरांनी ती माझ्या हातातून जवळजवळ घालवली.

सुट्टी होती, तरी त्यांनी वर्गाला भर उन्हात शाळेच्या पटांगणात बोलावलं. "आज सूर्य बरोबर डोक्यावर येणार. उभ्या वस्तूची सावली नाहीशी होणार. वर्षातून दोनदाच होतं हे!" पितळी तांब्या, खांब, काठ्या, सगळं मांडून ठेवलं. गावही जमलं. बारा वाजले, सावल्या तिथल्या तिथेच. लोक हसायला लागले. "घड्याळाचे बारा वेगळे, आपल्या गावाचे बारा वेगळे," सर घाम पुसत ओरडत होते, "जरा थांबा!" त्याच वेळी मोठेबाबा मला घरी न्यायला तरातरा आले. "सुट्टीत कायची शाळा भरवता, सर? पोरगी काळी पडून राह्यली ना!" असं बोलता बोलता त्यांची नजर खाली गेली. तांब्याची सावली नाही. खांबाची नाही. त्यांनी मागे वळून पाहिलं, डावीकडे पाहिलं, स्वतःभोवती फिरले.

"माही सावली कुठी गेली?"

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मोठेबाबांचा चेहरा मात्र पांढराफटक पडला. ज्याला आपली सावली दिसत नाही त्याचे दिवस भरले, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. ते आले तसे घरी गेले, बाजेवर आडवे झाले आणि म्हणाले, "मी चाललो."

माझ्या पायाखालची जमीन सरकली ती पुढच्या वाक्याने. "पोरीले मागणी घालून गेलेल्या धामणगाव बढ्याच्या पाहुण्याइले सांगावा धाडा. माह्या डोळ्यादेखत पोरीचे हात पिवळे करा. आठ दिवसात." मोठीमाय, त्यांची बायको, रडायला लागली, मी रडायला लागले. ती त्यांच्यासाठी रडत होती आणि मी माझ्या अकरावीसाठी.

संध्याकाळी सर धावत आले. लिंबू आणि रॉकेलची चिमणी घेऊन त्यांनी बाजेशेजारी पृथ्वी फिरवली. मोठेबाबा म्हणाले, "लिंबू ठेवा तुमचं. मी माह्या डोळ्यानं पायलं."

"सगळ्यांचीच गेली होती हो! अंगणात चला, पहा, परत आलीय."

"ती माही नसन. दुसऱ्याची आसन."

यावर कोणतं शास्त्र काय बोलणार? सरांनी दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं, लिंबू खिशात टाकलं, टोपी सारखी केली आणि खालच्या आवाजात म्हणाले, "मोठेबाबा, खरं सांगतो. यम माणूस ओळखतो तो सावलीवरून. आज सगळ्या गावाचीच सावली गेली. कोणाला न्यायचं हेच त्याला कळेना. रिकाम्या हाताने गेला बिचारा."

मोठेबाबा उठून बसले. "हाव?"

"हाव. पण एक आहे. आषाढात सावली पुन्हा एकदा जाईल. तोवर घरात मंगलकार्य काढायचं नाही. त्याचं लक्ष जातं."

मी तर थिजलेच! "सूर्य उगवला" एवढंही खपवून न घेणारा माणूस यमाची थाप मारत होता, तीही हिशेबशीर. सावली दुसऱ्यांदा जाईपर्यंत चातुर्मास लागणार, मग तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नाही, आणि नंतर मॅट्रिकच्या तोंडावर कोण लग्न काढतो! मोठेबाबांनी भाकर मागितली. सरांना सोडायला मी दारापर्यंत गेले, तर त्यांचे डोळे भरलेले. "हे पेपरात लिहू नकोस," एवढंच म्हणाले.

मी पास झाले, पुढे शिकले, भूगोलच शिकवू लागले. मोठेबाबा पुष्कळ जगले, आणि सावली जाते त्या दिवशी यम येत नाही हे त्यांनी पंचक्रोशीत इतक्या ठिकाणी सांगितलं की आमच्याकडची माणसं ते आजही मानतात. सर गाव सोडून गेले, त्याच्या आदल्या दिवशी मोठेबाबांची माफी मागायला आले होते. "मी खोटं बोललो होतो," म्हणाले. मोठेबाबा भडकलेच. "खोटं कायचं? मी जित्ता हाव ना!" सर मान खाली घालून निघून गेले. खोटं बोलल्याचं त्यांना किती लागलं होतं, ते मला त्या पाठमोऱ्या चालीत दिसलं.

पुढे सर वारल्याचं कोणाकडून तरी कानावर आलं. मी हातातला खडू खाली ठेवला आणि वर्गासमोरच रडले. आपण जित्ते आहोत हे मोठेबाबांनी सरांना ठणकावून सांगितलं होतं. त्या थापेमुळे माझं शिक्षण जित्तं राहिलं, हे मात्र सरांना मी सांगायला हवं होतं, आणि ते राहूनच गेलं.