दात काढण्याआधीचा फोटो

सुमे, खुर्ची जवळ ओढून बस आणि हे शेवटपर्यंत वाच. मागचं पत्र अर्धं वाचून "छान" म्हणून मोकळी झालीस. धाकट्या बहिणी असं करतात का?

मंगळवारी सकाळी नेरुळहून निघाले. पिशवीत पोळी-भाजी आणि माझा जुना जड कॅमेरा. त्याला बॅटरी नाही, पडदा नाही. उजेड, अंतर सगळं आपणच जोखायचं. ब्लॅक-अँड-व्हाइटचा रोल एकच, छत्तीस फोटोंचा. जायचं होतं नावड्याला, हिराबायकडे. आमच्या सोसायटीच्या दाराशी सुकी मासळी विकायला बसते, तीच. तिच्या भिंतीवर सासू, सासरे, नवरा असे ओळीने आहेत, सगळे काळे-पांढरे. आपण गेल्यावर तिला त्याच ओळीत लागायचं होतं. नातवाने लग्नाच्या फोटोतून कापलेला रंगीत तिने परत केला. त्यात कुणाचा तरी खांदा होता. आणि बुधवारी डॉक्टर तिचे उरलेले तीन दात काढणार होता. "मंग गाल बसतील. तो चेहरा माजा नाय," म्हणाली.

आधी वाट वाकडी करून वाशीच्या एपीएमसी मार्केटात गेले. कांद्याच्या गोणीवर बसून रोल भरला. शेजारचा हमाल आपल्या साताऱ्याकडचा निघाला. मग काय, गावं, पाहुणे, पाऊसपाणी. बोलता बोलता गोण्या, वाकलेल्या पाठी, वजनकाटा असे अठरा फोटो घेतले.

मग बसने बेलापूर आणि तिथून पेंधरपर्यंत मेट्रो. डबा गार, निम्मा रिकामा. खिडकीतून खारघरचा डोंगर, मग टॉवर, मग तळोज्याची धुराडी. पुढे रिक्षा.

हिराबायने आधी जेवायलाच बसवलं. तांदळाची भाकरी, बोंबलाची चटणी. मग लुगडं, नथ, कानातले, सगळं घालून दारातल्या खुर्चीवर अशी ताठ बसली की तोंडावरची माशी हलेना. सून म्हणाली, थोडं हसा. तर म्हणते, "माजी सासू हसली व्हती का?" तिचे सोळा फोटो घेतले आणि निघाले.

पेंधरच्या फलाटावर खाडीकडच्या आभाळाचे घेत होते. आकडा छत्तीसच्या पुढे गेला तरी फिल्म पुढे ओढायचा लीव्हर अडायचं सोडून मऊ फिरतोच आहे. लीव्हर ओढला की डावीकडची घुंडी फिरते ना, हे रोल भरताना बघायचं असतं. फिरत नव्हती. मागचं झाकण उघडलं, तर फिल्मचं टोक खाचेतून निसटून तसंच पडलेलं. गप्पांच्या नादात नीट अडकवलंच नव्हतं मी. दिवसभरात एकही फोटो निघाला नव्हता.

तेवढ्यात मेट्रो आली, दार उघडलं. रोलच खराब निघाला म्हणाले असते, तर तिला काय कळणार होतं? दार मिटलं. मी फलाटावरच होते.

परत गेले तेव्हा हिराबाय घरातल्या साडीत वाल सोलत होती. सगळं खरं सांगितलं. तिने हातातला वाल सुपात टाकला.

"बाय, तू फोटू काडतंस का गप्पा हाकतंस?"

मग उठली आणि आत जाऊन पुन्हा लुगडं, पुन्हा नथ. ऊन कौलांवर चढलं होतं. मी तोच रोल पुन्हा भरताना समोर येऊन उभी राहिली. मना (मला) दाव, म्हणाली. घुंडीवर दोघींचे डोळे.

"फिरली," तीच आधी म्हणाली. "आता तोंड उघडू नको."

उजेड इतका कमी की कॅमेरा तांदळाच्या डब्यावर टेकवला. तिने श्वास धरला, मीही. पाच घेतले आणि ऊन गेलं.

घरी न्हाणीघरात रोल धुतला. तीन हलले होते, दोन बरे. पुढच्या आठवड्यात द्यायला गेले तेव्हा तिचे गाल खरंच बसले होते. दोन्ही उजेडात धरून बघितले, एक निवडला, लुगड्याच्या घडीत गुंडाळून पेटीत ठेवला. जितेपणी भिंतीला लावत नाहीत. सुनेला जागा दाखवून ठेवली. मग मला विचारते, "आनि तुजा कोनी काडला?"

घरी येऊन फोटोंचे सगळे डबे उपसले गं. तू आहेस, मुलं आहेत, कांद्याच्या गोण्यासुद्धा आहेत. मी कुठेच नाही.

रोल मी भरीन, तोंड मिटून. घुंडीकडे तू बघ, बटण तू दाब. दिवाळीला येते म्हणू नकोस, याच आठवड्यात ये. माझेही दोन दात हलायला लागलेत.