धुऱ्यावरचा काळा दगड

परवा आसेगावजवळ एका शेतात मी गुडघ्यावर बसून दगड पुरत होते आणि दोन सख्खे भाऊ हात मागे बांधून बघत होते... लाज वाटते, तरी सांगते.

मी भूशास्त्र शिकवते. आपल्या वाशिमचा काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा. सेशेल्स बेटांचा तुकडा भारतापासून तुटला, साधारण त्याच काळातला हा लाव्हा. थंड होताना तेव्हाची चुंबकीय उत्तर दिशा हा दगड स्वतःत साठवून ठेवतो... ती मोजायची तर दगड जागचा हललेला नको. हा पहिला नियम मी दरवर्षी पोरांना घोकायला लावते.

हिवाळ्यात आम्ही नमुने गोळा करत होतो. दिवस कलला होता, जीपवाला घाई करत होता. दोन शेतांच्या मधोमध एक छान काळा दगड वर आलेला दिसला. त्यावर उत्तरेचा बाण आखला, फोटो काढला, पहार लावली... पटकन निघाला. तिथेच शंका यायला हवी होती. शेतात कोणी नव्हतं, म्हणून विचारलंही नाही.

लॅबमध्ये त्याची दिशा बाकी कुठल्याच दगडाशी जुळेना. मी हरखलेच! काहीतरी नवीन सापडलं म्हणून डिपार्टमेंटभर सांगत सुटले.

मग गेल्या आठवड्यात फोन... “मॅडम, आमच्या धुऱ्यावरचा गोटा तुमी नेला काय?”

नारायणभाऊ बोलत होते, हिवाळ्यात मी पोलीस पाटलांकडे ठेवलेला माझा नंबर घेऊन. त्यांच्या वडिलांनी दोन मुलांत वाटणी करताना तो दगड स्वतः पुरला होता. मधला धुरा, म्हणजे बांध, नांगरता नांगरता कधीच संपला, हद्दीची खूण म्हणून तेवढा दगडच उरला होता. तो गायब झाला आणि नारायणभाऊ नि धाकटे विठ्ठलभाऊ यांचं बोलणं बंद... दुसऱ्यानंच काढला, असं दोघांनाही वाटत होतं.

दगड घेऊन धावत गेले. लॅबमध्ये नमुने काढताना त्याला मशीननं पाडलेली भोकं बघून विठ्ठलभाऊंनी नजर वळवली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यात शेतात रोटाव्हेटर फिरलेला, खड्डा बुजलेला. माझ्या फोटोत दगड होता, हातोडी होती, कंपास होता... शेताची एकही खूण नव्हती. जीपीएस दोन-चार मीटर इकडेतिकडे दाखवतं. आमच्या अभ्यासात तेवढ्यानं काही बिघडत नाही, पण इथे दोन घरं तुटली असती.

“बसवा तुमीच,” नारायणभाऊ म्हणाले. “आमच्यातल्या कोनी हात लावला तं उद्या पुन्हा इषय निघन.”

अंदाजानं बसवला. विठ्ठलभाऊ हळूच म्हणाले, “थोडा माह्याकडं सरकवा, मॅडम. दादाची जागा दबून राह्यली.”

म्हणजे ते स्वतःची जमीन सोडत होते! नारायणभाऊंनी मान खाली घातली. “राहू दे, इठ्ठल. हाय तिथं बरा हाय.”

कित्येक दिवसांनी ते भावाशी बोलले होते. मला एवढंच म्हणाले, “पुढच्या बारीले इचारून नेजा.”

त्या दोघांचे आभार कोणत्या तोंडानं मानू? उद्या डिपार्टमेंटमध्ये सगळ्यांसमोर सांगायचं आहे... माझा तो नवीन शोध एका बापानं आपल्या दोन पोरांसाठी हातानं पुरून ठेवला होता.